सरत्यावरची ओळ

चंद्रभान ढोल्याच्या ताटात बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, कोवळ्या शेंड्यांची भाजी आली, की पहिला घास मोडायच्या आधी तो म्हणतो, "धुरपतामायची किरपा." बायको लीलाबाई दर वेळी फणकारते, "भाजी म्या केली, अन् किरपा तिची!" पण वाढताना एक पळी जास्तच वाढते. किरपा कोणाची हे तिलाही ठाऊक आहे.

रोहणा गावाच्या अलीकडे, नाल्याच्या वरच्या अंगाला गोंडांची आठ-दहा घरं. धुरपता उईके तिथली. माहेर कारंज्याकडच्या जंगलपट्टीतलं. नवरा पुनाजी लोकांचे वखर हाकायचा आणि ती पेरणीत सरता धरायची. सरता म्हणजे तिफनीच्या मागं दोरानं बांधलेली बांबूची नळी. पुढून तिफन ज्वारी पेरत जाते, मागून बाई ही नळी धरून चालते आणि ओटीतला मूग, उडीद, बरबटी मुठीनं सोडते. ज्वारीच्या ओळींमध्ये अशी एक वेगळी ओळ पडते. सांगायला सोपं आहे. बैलाच्या चालीशी बोटांची चाल जुळली नाही, तर कुठं दाण्यांचा ढीग पडतो आणि कुठं वावर टक्कल पडल्यासारखं उघडं राहतं. धुरपताची ओळ उगवली की दोरी ताणल्यासारखी दिसायची. तोंडही तसंच रोखठोक. तिफन हाकणाऱ्याला ती मागून म्हणायची, "बैल होय का म्हशी? चाल त पाह्य त्याहीची!"

गावात रीत होती. सरता जिनं धरला, त्या ओळीची पहिली तोड तिची. ओटीत मावतील तेवढ्या शेंगा तिनं न्याव्या, मालकानं विचारू नये.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि गावात हायब्रीड ज्वारी आली. बुटकी, पण कणीस भरलेलं. चंद्रभानचा बाप नुकताच गेलेला, कारभार पहिल्यांदाच हाती आलेला. त्यानं ठरवलं, चिंचेच्या वावरात या साली निव्वळ ज्वारी. पेरणीच्या सकाळी धुरपता नेहमीसारखी सरता खांद्यावर टाकून हजर.

"आज सरत्याचं काम नाई, माय," चंद्रभान म्हणाला.

"काऊन? वावर इकलं का?"

"हायब्रीड होय. तिच्यात भेसळ नाई करत."

"भेसळ!" धुरपतानं कंबरेवर हात ठेवला. "तुह्या आजानं जलमभर भेसळच खाल्ली बाबू, अन् मरेपर्यंत दात होते त्याले."

ती आली तशी परत फिरली. त्या दिवसापासून चंद्रभानचं नाव तिनं 'हायब्रीड' ठेवलं, आणि गावानं ते उचललं. दोन सालं त्याला या नावाचा राग आला नाही. खळ्यात रास अशी पडायची की नावाचा अभिमानच वाटावा.

तिसऱ्या साली वावराच्या खोलगट कोपऱ्यात ज्वारी पिवळी पडली. जमिनीत ओल होती, तरी पानं भर दुपारच्या कुत्र्याच्या जिभेसारखी लोंबलेली. चंद्रभान खाली वाकला, तर बुडाशी टारफुला. बोटभर उंचीचं, पांढऱ्या फुलाचं, दिसायला गरीब झाड. पण ते जमिनीखाली ज्वारीच्या मुळाला मूळ लावून तिचा रस पितं. वर उपटावं तर तुटून हातात येतं, खाली राहिलेलं पुन्हा फुटतं. पुढच्या साली तो पांढरा पट्टा चिंचेपर्यंत चढला.

ग्रामसेवकानं वावर पाहिलं. फूल धरायच्या आत उपटा, दोन सालं पीक बदला, असं सांगून गेला. सल्ला खोटा नव्हता. पण बाकीच्या सगळ्या जमिनीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. घरच्या भाकरीची ज्वारी आणि चार बैलांचा कडबा, दोन्ही याच वावरातून यायचं. पऱ्हाटी बैल खात नाही, आणि बैलांवाचून पऱ्हाटी होत नाही. चिंचेचं वावर गेलं की दावण रिकामी, हे चंद्रभानला दिसत होतं.

लीलाबाई एकदा भाकरी थापताना म्हणाली, "सरत्यावरची ओळ बंद झाली अन् मंगच हे पांढरं आलं, अजी."

"कशाचा कशाले मेळ लावून राह्यली?"

"नसंल मेळ. पण तिले बलावून त पाहा. टारफुल्यापरीस तिचं तोंड बरं."

चंद्रभान गेला. धुरपता अंगणात मोहफुलं निवडत बसली होती, पुनाजी दोर वळत होता.

"काय हायब्रीड, आज इकडे कसा?"

"वावरात टारफुला आला, माय."

"मंग? म्या पेरला का?"

पुनाजी हसून हसून दोर विसरला. चंद्रभान उभाच राहिला. बस म्हणायला तिनं पुरेसा उशीर केला. मग सुपातली फुलं पाखडत म्हणाली, "माह्या मायच्या वावरात जिथं हे पांढरं दिसे, तिथं ते बरबटी दाट टाके. काऊन टाके हे मले नाई मालूम. टाके, एवढं पाह्यलं."

"मंग औंदा येजो. सरता घेऊन."

"भेसळ होईन ना."

"होऊ दे ना व माय आता!"

ती आली. रोगट पट्ट्यात ज्वारीच्या एका ओळीआड एक ओळ बरबटी, बी तिच्या माहेरचं. बरबटी अशी तरारली की तण काढायला डवरा फिरवायचं काम उरलं नाही; पाल्याखाली दुसऱ्या तणाला उजेडच मिळेना. चंद्रभान रोज धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहून पाहायचा आणि घरी येऊन दुप्पट जेवायचा.

पण पोळ्याच्या सुमाराला वेल ज्वारीवर चढले. जुनी ज्वारी दोन पुरुष उंच असायची, असे वेल ती अंगाखांद्यावर खेळवायची. हायब्रीड बिचारी छातीएवढी. एका दिवशी पाऊस वाऱ्यासकट आला आणि अख्खा पट्टा सतरंजीसारखा खाली अंथरला गेला. रूपराव पाटील रस्त्यावरून जाता जाता ओरडले, "काय गा चंद्रभान, ज्वारी निजली का तुही? अंगावर पांघरूण बी हाय!"

दुपारी धुरपता आली. धुऱ्यावर उभी राहिली. चंद्रभाननं आयुष्यात पहिल्यांदा तिचं तोंड बंद पाहिलं.

"चुकलं माह्यं," शेवटी ती म्हणाली. "झाड बुटकं हाय, हे ध्यानातच नाई आलं. म्या माह्या मायच्या ज्वारीवर गेली. उपटून फेक वेल."

चंद्रभान विळा घेऊन रागारागानं आत घुसला. वेलाचा एक जाड गुंता उचलला आणि तसाच वाकून राहिला.

"माय, इकडे ये."

"काऊन? साप हाय का?"

"टारफुला नाई."

ती लुगडं खोचून आली. दोघं गुडघ्यांवर बसून त्या हिरव्या छपराखाली रांगू लागले. जिथं मागच्या साली बोट ठेवायला जागा नव्हती, तिथं काळी, ओली माती. मधूनच एखादं टारफुल्याचं झाड, तेही आजाऱ्यासारखं फिक्कं. चंद्रभान मातीत फतकल मारून बसला. आडव्या ज्वारीत बसून हसणारा माणूस त्या गावानं आधी पाहिला नव्हता.

धुरपताचं तोंड परत जागेवर आलं. "मंग उपटू नको. शेंडे खूड, वेल वर चढतच नाई. अन् झाडं उभी करून चार-चार एकमेकीले बांध."

"एवढे शेंडे खुडाले मजूर कुठून आणू?"

"मजूर काऊन? गाव भाजी नाई खात का?"

संध्याकाळी तिनं गल्लीगल्लीत आरोळी दिली. दुसऱ्या दिवशी तानाबाई, मनकर्णाबाई आणि त्यांच्या मागं निम्मं गाव टोपल्या घेऊन वावरात. बाया शेंडे खुडत होत्या, झाडं बांधत होत्या आणि जिची सासू हजर नाही तिच्या सासूचा उद्धार करत होत्या. मग घरोघरी बरबटीच्या शेंड्यांची भाजी, इतकी की माणसानं दुसऱ्याच्या घरी जेवायला जावं तर तिथंही तीच. त्या साली पट्ट्यातली बरीच ज्वारी मातीत गेली, हे खरं. पण उरलेल्या वावरानं भाकरी दिली, कडबा उन्हाळाभर पुरला आणि दावणीला चारही बैल राहिले.

पुढच्या सालापासून तीच पद्धत. एका ओळीआड बरबटी, वेल चढायच्या आत शेंडे खुडायला बाया, धुऱ्यानं अंबाडी. टारफुला एकदम गेला नाही. सालोसाल मागं सरकत खोलगट कोपऱ्यापर्यंत गेला. खोडातला किडाही कमी झालासा चंद्रभानला वाटे. त्यानं धुरपताला विचारलं, तर म्हणाली, "किड्याचं मले काय मालूम? मी का त्याची माय होय?"

पंच्याऐंशीच्या सुमाराला धुरपताचे गुडघे गेले. पेरणीच्या सकाळी चंद्रभान बंडी जुंपून तिच्या दारी गेला आणि तिला आणून चिंचेखाली बसवलं. सरता लीलाबाईनं धरला. बसल्या जागेवरून धुरपतानं दिवसभर बैल, तिफन आणि लीलाबाई, तिघांचीही हजेरी घेतली.

शेंगा भरल्या. रीतीप्रमाणं पहिली तोड लीलाबाईची. तिनं ओटी भरली आणि घराकडं न वळता नाल्याच्या वरच्या अंगाला चालू लागली. चंद्रभान मागं.

"रीत मोडू नको व लीला," शेंगा पाहून धुरपता म्हणाली. "सरता तुह्या हाती होता."

"हात माहा होता माय, मूठ तुहीच," लीलाबाईनं ओटी तिच्या सुपात मोकळी केली.

धुरपतानं एक शेंग सोलली, दाणा चावला. चंद्रभानकडं पाहून म्हणाली, "चिंचेजोळची ओळ वाकडी आली, हायब्रीड. बैलं नीट हाकत जाय."

"हो, माय."

"कोपऱ्यात किती पांढरं दिसलं औंदा?"

"चालता चालता उपटून झालं, एवढंच."

तिनं हातातल्या काठीनं आढ्याकडं दाखवलं. तिथं राखेत बी घालून तोंड लिंपलेलं मडकं टांगलेलं होतं, माहेरच्या बरबटीचं. "उतरव ते. आता माह्या घरी काय करते? तुह्या आढ्याले टांग."

चंद्रभाननं मडकं उतरवलं आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून गल्लीतून निघाला. ओट्यावर बसलेल्या रूपराव पाटलांनी हटकलं, "काय नेऊन राह्यला गा, हायब्रीड?"

"भेसळ," चंद्रभान म्हणाला, आणि पाय जपून टाकत घरी गेला.