शून्यावर टेकलेली रेघ

सन ब्याण्णवची आरोग्य खात्याची बैठक. बाजारहत्नूरकडून आलेली नर्स मनकर्णा मागच्या बाकावर. साहेबांनी जुलाबानं होणाऱ्या मरणांचा तक्ता उघडला; तिच्या गावाची रेघ तीन वर्षांत उतरत शून्यावर टेकलेली.

"बाई, खडे हो जाओ! तालियाँ!" साहेब म्हणाले.

शेजारची अंगणवाडीवाली जयवंताबाई कोपरानं ढोसत म्हणाली, "ऊठ ना वं! लाजून काऊन राह्यली?"

गावातल्या कुसुमबाईची नात गेल्या श्रावणात जुलाबानं गेली, तेव्हा मीठ-साखरेच्या पुड्या मनकर्णाच्या पेटीतच होत्या. चिखल म्हणून ती त्या घरी गेली नव्हती, आणि कागदावर तिनं 'ताप' लिहिलं होतं.

ती उठली, पण मान वर होईना. "साहेब, रेघ खोटी हाये. एक पोरगी गेली. जुलाबानंच."

"बैठो बाई, तक्ता छप गया."

आणि मनकर्णा खरंच खाली बसली.