गळ्यातल्या ढोलावरची सही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर माझं सगळं कळतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हाही भित्रेपणाच म्हणायचा?

मी शहाद्याला शाळेत चित्रकला शिकवायचो. सह्या जमवायचा नाद होता — नट, गवई, खेळाडू. त्यामुळे कुणाच्या घरात जुनी सही निघाली की खरी की खोटी, मोल काय, हे विचारायला लोक माझ्याकडे यायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं. बायको चिडवायची, "तुम्हले कधी 'माहीत नही' म्हनता येस का?" मी हसण्यावारी न्यायचो.

एकदा धडगावकडच्या डोंगरातून दामजादादा आला. वयस्कर पावरा आदिवासी, होळीला ढोल वाजवणारा. सोबत मुलगा, आणि चादरीत गुंडाळलेला ढोल. ढोलाच्या चामड्यावर सही होती, पण वाचता येईना. दामजादादा म्हणत होता, तरुणपणी होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात त्याचं वाजवणं ऐकून एक मोठा तबलावाला गर्दीतून पुढे आला आणि त्याने ती केली. नाव आठवत नव्हतं. सही पुसू नये म्हणून त्याने तो ढोल पुन्हा वाजवलाच नाही. गावाला मात्र हे पटत नव्हतं. मुलाने विचारलं, विकली तर काय येईल? म्हातारा म्हणाला, "विकायचं नाय. खरी हाय, एवढं सांग, गुरुजी."

मी भिंग लावलं. सही कुणाची, मला ओ की ठो कळेना. जुळवून पाहायला नमुना नाही. अशा वेळी माणसाने काय म्हणावं? बायको म्हणायची तेच — पण ते माझ्या तोंडून निघेना. रेषा थरथरलेल्या दिसल्या. खोटी सही करणारा हळूहळू गिरवतो, त्याचा हात कापतो, एवढं मला ठाऊक होतं. तेवढ्यावर सांगून मोकळा झालो — खोटी आहे, कुणीतरी थट्टा केलीय. दामजादादा छातीशी हात नेऊन काहीतरी दाखवू पाहत होता. मी ऐकून घेतलं नाही. चहा घ्या म्हणालो.

पुढच्या भोंगऱ्याला मी धडगावला गेलो. दामजादादा भेटला. गळ्यात तोच ढोल, चामडं नवं. "जुनं काढलं," म्हणाला. "खोटं होतं ना." आवाजात राग नव्हता. मुलाने माझा निकाल गावभर केला होता. लोक म्हाताऱ्याला सहीवाला म्हणून चिडवत होते.

तेवढ्यात माझे जुने विद्यार्थी आले. त्यांच्यातल्या एकाच्या गळ्यात नवा ढोल होता, नाचून त्याला धाप लागली होती. सर, यावर सही करा ना! मी खिशातला मार्कर काढला, वाकलो, सही केली. आणि पाहतो तर — त्याच्या श्वासाबरोबर ढोल वरखाली होत होता, आणि माझी सगळी सही थरथरलेली. जन्मभर केलेली माझी सही, कुणीतरी गिरवल्यासारखी. छातीशी हात नेऊन म्हातारा मला हेच सांगत होता ना?

दामजादादा शेजारीच उभा होता. त्याने वाकून सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुझी बी हालली, गुरुजी."

एवढंच बोलला. आणि थांबला. त्याच्या गावचे लोक होते, माझे विद्यार्थी होते. मी नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरे होतं. चामडं परत आलं नसतं, पण म्हातारा खोटा ठरला नसता. मला सगळं कळलं होतं — कळूनच मी बोललो.

मी म्हणालो, शाई खराब आहे.

त्याने मान हलवली आणि वाजवायला निघून गेला. गेल्या पावसाळ्यात तो वारला. त्याचं नाव निघालं की गावात अजून हसतात, असं त्याचा मुलगा सांगत होता. तोही हसला. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. मला लाज वाटते, आणि त्या लाजेचा म्हाताऱ्याला काही उपयोग नाही.

तो मार्कर मी पुढे बरेच दिवस वापरला. शाई चांगली होती.