मुंगूस शेवटी काढायचं

आमच्या डोंबिवलीच्या घरात एक गेम होता आणि तो दोघांचा होता, माझा आणि माझ्या धाकट्या बहिणीचा. हाताच्या पंजात मावणारं करड्या रंगाचं यंत्र, मागे पेन्सिल सेल, समोर हिरवट पडदा. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, त्यामुळे खेळायचं तर खिडकीशी बसावं लागे. आमचे मावसा मस्कतला नोकरीला होते. त्यांनी मुलासाठी नवं, रंगीत यंत्र आणलं, तेव्हा त्याचं जुनं आमच्याकडे आलं. ते साल नव्व्याण्णव असावं. मी नुकताच दहावीतून सुटलो होतो आणि बहीण सहावीत जाणार होती.

गेम जनावरांच्या लढाईचा होता. रानात हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना लढवून मोठं करायचं आणि मग दुसऱ्याच्या प्राण्यांशी भिडवायचं. प्राण्यांची इंग्रजी नावं आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी वापरत नसे. जे ज्याच्यासारखं दिसे ते त्याचं नाव. माझं एक वाघूळ होतं आणि एक कासव. बहिणीचं मुंगूस होतं.

हे मुंगूस सुरुवातीला कुणालाच नको होतं. अंग कागदासारखं, कुणी एक फटका दिला की आडवं. मी ते सोडून द्यायला निघालो होतो. बहिणीने ठेवून घेतलं. सकाळी सातला, मी अंथरुणात लोळत असताना, ती खिडकीशी बसून त्याला वाढवायची. गेममध्ये प्राण्याला ताकदीचं खाणं देता यायचं. तिने सगळं खाणं दोनच गोष्टींवर घातलं, वेग आणि पंज्याचा जोर. बचावासाठी काही नाही.

"अगं, थोडं अंगावर पण घाल त्याच्या," मी म्हणायचो. "मरतंय ते पटकन."

"त्याला मार खायचाच नाहीये," ती म्हणायची.

आमच्या गेममध्ये ज्याचा वेग जास्त त्याचा फटका आधी. मे महिन्यापर्यंत तिचं मुंगूस इतकं चपळ झालं होतं की समोरच्याला हलायलाच मिळत नसे. झेप, पंजा, संपलं. जादूटोणा नाही, आग नाही, वीज नाही, नुसता अंगाचा मार. मग अर्थातच मला ते आवडायला लागलं. माझ्या पाळीत मीही तेच काढायचो, आणि पहिलंच काढायचो. पहिल्या फटक्यात समोरचा पडला की जे बरं वाटायचं त्याची मला सवय लागली होती. बहिणीची वस्तू वापरताना आपण ती वापरतो आहोत हे मला तेव्हा जाणवतही नसे. तिची कंपासपेटी, तिची खिडकीतली जागा, तिचं मुंगूस. मोठ्या भावाला सगळं आपलंच वाटतं.

त्या सुट्टीत याच मावसांचा मुलगा, ठाण्यात माजिवड्याला राहणारा मावसभाऊ, आठवडाभर आमच्याकडे राहायला आला. माझ्याच वयाचा, बोलायला पटाईत. येताना रंगीत यंत्र आणलं होतं आणि दोन यंत्रं जोडायची वायरही. या वायरीमुळे दोघांचे प्राणी एकमेकांशी लढू शकत आणि एकाचा प्राणी दुसऱ्याच्या गेममध्ये पाठवताही येई. एकदा गेला की गेला.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघे जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये खेळायला बसलो. प्रत्येकी तीन प्राणी. बिल्डिंगमधली पोरं भोवती जमली. बहीण चित्रकलेच्या क्लासला गेलेली. मी सवयीने मुंगूस पहिलं काढलं. मावसभावाने वाम काढली. खाडीतल्या वामेसारखा लांब, बुळबुळीत प्राणी, वीज सोडणारा. मुंगसाचा पंजा आधी बसला, पण वाम ताजी होती, मेली नाही. तिने झटका दिला. झटका बसलेल्या प्राण्याचा वेग जातो. पुढच्या फेरीत माझं मुंगूस, ज्याच्याकडे वेगाशिवाय काहीच नव्हतं, उभ्या उभ्या मेलं. मागून त्याच्या गेंड्याने आणि घुबडाने माझं वाघूळ आणि कासवही संपवलं.

"काय रे, एवढंच?" मावसभाऊ म्हणाला. "फोनवर तर मोठा भाई बनत होतास."

"परत खेळ," मी म्हणालो.

"खेळतो ना. पण आता पक्कं."

पक्कं म्हणजे काय ते सगळ्या पोरांना माहीत होतं. पाण्याच्या टाकीमागे आम्ही गोट्या खेळायचो, तिथे दोन तऱ्हेचे डाव असत. कच्च्या डावात गोट्या परत मिळत. पक्क्या डावात जिंकेल तो घेईल, आणि हवी ती निवडून घेईल. हा गोट्यांचा नियम या गेमला लावावा असं ज्याने गेम बनवला त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. पण वायर होती, आणि आम्ही गोट्या खेळणारी पोरं होतो.

"उद्या. पक्कं," मी म्हणालो.

"मी जिंकलो तर मुंगूस घेणार."

पोरं माझ्याकडे बघत होती. 'ते माझं नाही' एवढं वाक्य होतं. तीन शब्दांचं. ते म्हटलं असतं तर कुणीतरी 'फट्टू' म्हणून ओरडलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती.

"घे," मी म्हणालो.

बहीण क्लासवरून आली तेव्हा मावसभावानेच दारात तिला सांगितलं, हसत हसत. "ए छोटे, निरोप घे तुझ्या मुंगसाचा. उद्यानंतर ते ठाण्याला राहायला येतंय."

तिने चपला काढल्या, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रडेल, आईकडे जाईल. आईने एका वाक्यात सगळं मोडीत काढलं असतं, आणि खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो. पण आईकडे जाणं म्हणजे रडीचा डाव, हे तिलाही आमच्याइतकंच पाठ होतं.

"तू पहिलं कुणाला काढलंस?" तिने विचारलं.

"मुंगसाला."

"पहिलं?" तिने असं विचारलं की जणू मी त्याला रस्त्यावर सोडून आलो होतो. "दादा, पहिलं कुणी काढतं का त्याला?" मग मावसभावाकडे वळून म्हणाली, "उद्या मी खेळणार."

"तुझ्याशी कुठे बोली झालीय?"

"मुंगूस माझं आहे. माझ्या गोटीवर डाव लावलाय तर नेम मीच धरणार ना?"

गोट्यांच्या नियमाला गोट्यांच्याच नियमाने उत्तर. मावसभावाने खांदे उडवले. अकरा वर्षांच्या मुलीशी खेळायला कोण नाही म्हणेल?

आता मला जे सांगायचं आहे ते हे. ती 'मी खेळणार' म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं. जेवताना तिने मावसभावाच्या तिन्ही प्राण्यांची माझ्याकडून माहिती काढून घेतली आणि मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पाणी पिताना लक्षात आलं की मला हायसं कशाचं वाटतंय. आता मुंगूस गेलं तर ते तिच्या हातून जाणार होतं, माझ्या नाही. मला अपराधी वाटायला तसंही फारसं कारण लागत नाही, आजही नाही. पण त्या संध्याकाळी कारण चांगलं भक्कम होतं.

दुसरा दिवस शुक्रवार. आमच्याकडे शुक्रवारी दिवसभर वीज नसायची. टीव्ही बंद, पंखे बंद, त्यामुळे बिल्डिंगमधलं प्रत्येक पोर पॅसेजमध्ये. दुपारची वेळ, सगळे घामाने निथळत होते. बहीण भिंतीला टेकून मांडी घालून बसली, समोर मावसभाऊ. मधे वायर. मी वायरीशेजारी उकिडवा.

मावसभावाने पहिली वाम काढली. मुंगूस येणार असं धरूनच. बहिणीने कासव काढलं.

वामेने झटका दिला. कासव मंद झालं. "कासवाला अजून किती स्लो करणार रे?" कुणीतरी म्हणालं आणि पॅसेजभर हशा. मावसभाऊही हसला, पण ओठांनी. कासवाने दोन-तीनदा चावून वाम अर्ध्याहून खाली आणली आणि मेलं.

"आता मुंगूस! मुंगूस काढ!" पोरं ओरडली. मीही.

तिने वाघूळ काढलं.

"अगं, वाम मरायला टेकलीय, मुंगूस एका पंजात..."

"वाम मरेल रे. मागून गेंडा येईल. गेंड्याच्या कातडीवर पंजा चालतो का?"

नव्हता चालत. मला माहीत होतं, पण एका फटक्याच्या पुढचा विचार मी कधी केलाच नव्हता. वाघळाने वाम संपवली. मागून खरंच गेंडा आला. वाघूळ जादूने मारायचं, आणि जाड कातडीचा जादूपुढे उपयोग नाही. गेंड्याची ताकद निम्म्याच्या खाली उतरली. मग गेंड्याने एकच धडक दिली आणि वाघूळही गेलं.

आता तिच्याकडे मुंगूस उरलं होतं. समोर दमलेला गेंडा, आणि मागे एक घुबड. ताजं, अंगावर ओरखडाही नसलेलं. घुबड झोपवायचं. झोपलेल्या मुंगसाला कुणीही मारलं असतं.

माझा हात वायरीवर होता. केव्हा गेला ते मला माहीत नाही. मधेच वायर निसटली तर सामना बाद व्हायचा, कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. इतक्या गर्दीत कुणाचाही पाय लागू शकतो. मी बोटाने ती जोडणीपाशी धरून ठेवली होती. जरा ओढलं की झालं. तिचं मुंगूस वाचलं असतं आणि माझाही प्रश्न सुटला असता. आम्हा दोघांपैकी मी कुणासाठी ओढणार होतो, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही.

"दादा, हात काढ," ती म्हणाली. मान वर न करता.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मावसभाऊ म्हणाला, "ए, चीटिंग काय!" मी हात काढून मांडीखाली घातला. आणि विचित्र म्हणजे, हात काढल्याबरोबर मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. आता माझ्या करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मुंगूस आलं. अंगाला काही न लागता, झटका न बसलेलं, वेग पुरा. गेंडा हलायच्या आत पंजा बसला. निम्म्या जिवाच्या गेंड्याला तेवढा पुरला.

घुबड आलं.

मुंगसाकडे दोन फटके होते. एक हलका, जो कधीच चुकत नसे. दुसरा मोठा, जो कधी कधी हवेत जायचा. हलक्याने घुबड मेलं नसतं, आणि त्याने मग झोपवलं असतं. मोठा चुकला तरी तेच. मी असतो तर विचार न करता मोठा दाबला असता. ती थांबली. फ्रॉकला हाताचा घाम पुसला. खाली कुणीतरी कुल्फीवाल्याशी भाव करत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

"दाब की छोटे," मावसभाऊ म्हणाला. "रात्र होईल."

"थांब ना ठाण्याच्या दादा, घाई मुंगसाला असते. मला नाही."

मग तिने मोठा फटका दाबला.

मुंगूस पडद्यावर पुढे सरकलं आणि मागे आलं. घुबडाची पट्टी उतरायला लागली. ती पट्टी किती सावकाश उतरते हे मला त्या दिवशी कळलं. अर्धी, पाव, एक बारीकसा काळा ठिपका, आणि मग तोही नाही.

पॅसेजमध्ये एवढा आरडाओरडा झाला की समोरच्या काकू कणकेच्या हाताने बाहेर आल्या. मी ओरडलो नाही. मी भिंतीला टेकून बसून राहिलो. मुंगूस राहिलं होतं. ते राहिलं त्यात माझं काहीच नव्हतं, हेही बरं वाटत होतं.

"निवड," मावसभाऊ म्हणाला. हरला होता, पण बोलीचा पक्का. "वाम घेशील ना? सगळे वामच मागतात."

"वाम नको. घरात सारखे झटके. घुबड दे."

तो इतका खूश झाला की त्याने लगेच घुबड पाठवून दिलं, वर आईने केलेलं पन्हं स्वतः जाऊन सगळ्यांसाठी घेऊन आला. वाम त्याची लाडकी होती, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तिच्या आलं होतं.

पोरं पांगल्यावर आम्ही दोघंच पॅसेजमध्ये राहिलो. ती पन्ह्याचा पेला तोंडाला लावून बसली होती.

"ओढणार होतास ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग मी तुझ्याशी बोललेच नसते."

"आणि हरली असतीस तर?"

तिने विचार केला. पेल्याच्या तळाशी बसलेली साखर बोटाने काढून चाटली.

"तर रडले असते," ती म्हणाली. "खूप. मग तुला दुसरं मुंगूस शोधायला लावलं असतं."

एवढंच होतं तर. मी हसायला लागलो ते मला आवरेना. ती "काय झालं? काय झालं?" विचारत राहिली आणि मग तीही हसायला लागली. आतून आईने विचारलं की वीज आली का. आली नव्हती. बहिणीने यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घे, तुझी पाळी. घुबडाला जरा वाढव."