एकोणतिसावं रिव्हॉल्वर

मुद्देमालाची खोली म्हणजे हवालदारांचं खरं घर. दुसऱ्या घरी ते नुसते झोपायला यायचे, असं त्यांची बायकोच म्हणायची. चोरीची, जप्तीची, कुणी नाल्यात फेकलेली, सगळी हत्यारं अखेर त्यांच्या फळीवर येत. मग प्रत्येकाला लेबल, लेबलाला सुतळी आणि सुतळीला त्यांची ती दुहेरी, आतून वळवलेली गाठ. भाजीची पिशवीसुद्धा तशीच बांधायचे! "अहो, सोडवायला आता कात्री आणू की वकील?" बायको चिडवायची.

लोकांना वाटतं, पोलिसांनी बंदूक पकडली की विषय संपला. कसला संपतोय! खटला चालेपर्यंत तिला जपायचं आणि कोर्टाने सांगितलं की भट्टीत घालायचं. वीस वर्षं हवालदारांनी हेच केलं. आता निवृत्तीला महिना उरला होता आणि चाळीस हत्यारांची ही शेवटची खेप घेऊन ते साहेबांबरोबर ओतकामाच्या कारखान्यात आले होते.

पद्धत ठरलेली. साहेब यादीतला नंबर वाचणार, हवालदार हत्यारावर कोरलेला वाचणार, जुळला की हत्यार भट्टीत. बरेच जण लेबल वाचून मोकळे होतात. हे मात्र नखाने गंज खरवडून लोखंडच वाचायचे.

एकोणतिसावं रिव्हॉल्वर हातात घेतलं आणि त्यांनी नंबर दोनदा खरवडून वाचला. लेबल यादीप्रमाणे होतं, कोरलेला नंबर भलताच. आणि तो त्यांना तोंडपाठ होता. त्या नंबरचं रिव्हॉल्वर ज्या खटल्यातलं, त्यातला माणूस नऊ वर्षं तुरुंगात होता. गोळी याच हत्यारातून सुटली का ते पुन्हा तपासा, असा त्याचा अर्ज कोर्टात होता. त्याची बहीण दर दोन महिन्यांनी खिडकीशी येऊन विचारायची, "भाऊ, नीट ठेवलंय ना?" आणि हे सांगायचे, "अगदी डोळ्यांत तेल घालून, ताई."

सहा वर्षांपूर्वी खोलीतला पाण्याचा पाइप फुटला होता. हवालदारांनी आणि त्यांच्या जोडीदार शिपायाने भिजलेली लेबलं सोडून वाळवली, पुन्हा बांधली. एकाच बनावटीची दोन रिव्हॉल्वरं शेजारी होती, त्यांचीच लेबलं अदलाबदल झाली असणार. जोडीदार गेल्या वर्षीच वारला. त्यानेच घोळ घातला असेल, असं हवालदारांच्या मनात आलं आणि त्यांना हायसं वाटलं. लाज वाटावी इतकं हायसं.

"वाचा ना, काका," साहेब म्हणाले.

यादीतलाच नंबर म्हटला असता तर कुणाला कळणार होतं? पण जीभ रेटेना. "साहेब, हे भट्टीत घालता येणार नाही," म्हणत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी कपाळावर हात मारला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज खाली आणला. "चौकशी लागेल, काका. तुमची निवृत्ती लटकेल. आपण जोडीदाराचं नाव लिहू. तो काय आता उठून भांडणार आहे?"

हवालदारांनी लेबल उलटं केलं. सुतळी काळी पडली होती. गाठ दुहेरी होती, आतून वळवलेली.

"माझं लिहा, साहेब," ते म्हणाले. "आणि त्या बहिणीला मीच सांगतो, नीट ठेवलं नव्हतं म्हणून."