कादंबरीतली चूल

मला विमानतळावर न्यायला मंचरच्या पेठेत गाडी आली, तेव्हा आई रडली नाही, नुसत्या सूचना देत राहिली. काचेतून शेवटची ऐकू आली ती, "दिवस मावळायच्या आत जेवत जा गं." आम्ही जैन, चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येऊन इथं कापड विकायला बसलेलो. मी नोकरीला निघाले होते त्या ग्लासगोत हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो, हे तिला कोण सांगणार? ऑफिस, बस, मायक्रोवेव्हमधला भात. पहिल्याच हिवाळ्यात नेम सुटला.

तिथं बसून मी कादंबरी लिहिली, इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांतल्या मंचरची. भीमाशंकरच्या रानात लपलेला एक भूमिगत पोरगा रात्री उपाशी खाली उतरतो, आणि आमच्यासारख्याच घरातली सून चूल पेटवून त्याला भाकरी करून घालते. लिहिताना मी स्वतःच रडले. छापायच्या आधी पप्पांना पाठवली.

पप्पांचा फोन आला. "पोरी, बाकी झकास. पण अंधार पडल्यावर आपल्या घरात चूल कशी पेटली?"

ज्या घरासाठी इतका जीव तुटत होता, त्याची साधी रीत मी विसरले होते. आता कसलं डोंबलाचं मंचर लिहिणार मी? कादंबरी छापायचीच नाही, असं ठरवून टाकलं.

पप्पांनी मात्र हा पेच शेजारच्या हौसाकाकूंपुढे मांडला. आमच्या दुकानामागे त्यांचं घर आणि कांद्याचं रान. काकूंनी फोन हातात घेतला आणि मला फैलावर घेतलं. "आमची चूल काय इझली व्हती का? तुमच्या सुनेनं परसातनं हाक मारायची, आमी थापल्या असत्या भाकऱ्या. येवढं बी सुचलं न्हाई व्हय तुला?"

खरंच सुचलं नव्हतं. ग्लासगोत माझ्या शेजारच्या दारामागे कोण राहतं हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नाही, म्हणून माझ्या सुनेलाही सगळं एकटीनंच करावं लागलं होतं. प्रकरण पुन्हा लिहिलं. सून परसदारात जाऊन हाक मारते, आणि कादंबरीत जीव येतो तो तिथंच. पप्पा, काकू, तुमचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

घर म्हणजे भिंती नव्हेत, हाकेला ओ देणारं कुणीतरी, हे आता कळतंय. पुस्तकाच्या प्रती हातात आल्या त्या संध्याकाळी मी शेजारचं दार वाजवलं आणि वाटीभर साखर मागितली. माझा साखरेचा डबा काठोकाठ भरलेला होता.