आईच्या गोट्यांचं शोकेस

शेजारी आज नवा फ्रिज आला आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचा कोरा वास जिन्यात पसरला, तशी मी दचकले. बाबांनी आईसाठी काचेचं शोकेस आणलं, त्या दुपारी आमच्या हॉलमध्ये हाच वास होता. आई जाईल त्या नदीतून एक गोटा उचलून आणायची. पहिला माहेरचा, खाप्याच्या कन्हान नदीतला. ते सगळे बिस्किटांच्या डब्यात पडून असत आणि बाबा कायम त्यांना हसत आले होते. त्या दिवशी मात्र कूलरसमोरही घामाघूम होत ते स्वतः पेचकसाने शोकेसचे स्क्रू पिळत होते. शेवटचं काचेचं दार उचलून ते ऐटीत म्हणाले, "टफन काच आहे वं, हातोडा मारला तरी फुटत नाही!" आणि दम खायला त्यांनी दाराचा कोपरा फरशीवर टेकवला. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. समोर काच नव्हतीच. बाबांचे दोन्ही हात मात्र काच धरल्यासारखे हवेत तसेच होते आणि अनवाणी पायांभोवती खडीसाखर सांडावी तसे चमकते खडे. "हालू नका जी, चप्पल नाही तुमच्या पायात," आई कशीबशी म्हणाली. मग ती वाकली, एक खडा उचलला, पदराला पुसला आणि गोट्यांच्या डब्यात टाकला. टफन काच कोपऱ्यावर टेकली की अशीच फुटते, हे आम्हाला नंतर कळलं. शोकेसला आजही एक दार नाही. आतल्या गोट्यांमधला तो खडा पाहून पाहुणे विचारतात, "हा कोणत्या नदीतला?" बाबा नुसते दोन्ही हात तेवढ्याच अंतरावर हवेत धरून दाखवतात.