एकवीस नंबरचा बुरूज

डिंगोऱ्याच्या सावळेरामला माणसांची नावं आठवायची नाहीत, पण जंगलाच्या हद्दीवरचे बुरूज तोंडपाठ. बुरूज म्हणजे काय, तर हद्द कळावी म्हणून रचलेले दगडांचे कमरेएवढे ढीग. वनखात्यात तीस वर्षं रोजंदारी केली, त्यातली निम्मी या ढिगांना चुना फासण्यात. गडी मोठा खमक्या. सख्ख्या मेव्हण्याची कुऱ्हाड जप्त केली होती पठ्ठ्यानं! बायको साळुबाई महिनाभर बोलली नाही, तर म्हणतो, "बरं झालं, तेवढीच शांतता."

पोरगा सुदर्शन वेगळ्या वाटेचा. जंगलाला लागून बंगल्यांचे प्लॉट पडले आणि हा त्यांचा एजंट झाला. वैशाखात प्लॉटवाल्यांच्या जेसीबीनं एकवीस नंबरचा बुरूज सपाट केला, आणि हद्द आत सरकून थेट चार एकर रान प्लॉटांत गेलं. तिथली खैराची झाडं सावळेरामनं हातानं लावलेली. त्यानं पोराला न सांगता वनखात्यात अर्ज दिला. फेरमोजणी लागली.

त्या दिवशी निम्मं गाव जमलं. सुदर्शन पुढं होऊन मोजणीच्या साहेबांना म्हणाला, "बुरूज नव्हताच हितं. वडलांचं वय झालंय साहेब, त्यांचं काय मनावर घेऊ नका."

चारचौघांत म्हणाला हो! सावळेरामला राग यायला हवा होता. आला नाही. दाढ काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल होतो, तशी छाती बधिर झाली.

"खणा हातभर," तो म्हणाला.

बुरूज रचताना खाली कोळसा पुरायची जुनी रीत. दगड कुणीही उचलून नेईल, पण कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. प्लॉटवाल्यांना काय कळतंय, कप्पाळ!

पहिल्या दोन खड्ड्यांत नुसता मुरूम निघाला. मागं कुणीतरी हसलं. तिसऱ्यात कोळसा लागला, चांगला ओंजळभर.

"जिकलास गड्या, रान वाचलं!" शेजारच्या भागुजीनं पाठीवर थाप मारली. खरंच वाचलं होतं. पण सावळेरामला त्याचं काहीच वाटेना.

साहेबांनी अर्जानंतर जागेवर झालेला मागचा पंचनामा काढला. 'जागेवर बुरूज कधीच नव्हता', आणि खाली पंच म्हणून सुदर्शनची सही. "हा खोटा ठरला. सही करणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार."

"माझी न्हाई ती सही," सुदर्शन घाईनं म्हणाला.

साहेबांनी कागद सावळेरामपुढं धरला. "बाबा, तुम्ही सांगा. ही सही तुमच्या मुलाची आहे का?"

भागुजी कानाशी लागला, "चष्मा न्हाई म्हण. लेकरू हाये तुझं."

चष्मा खिशातच होता. सावळेरामनं तो काढून डोळ्यांवर चढवला आणि सही पाहिली. मग पोराकडं पाहिलं. पोरगा मान हलवून नको, नको म्हणत होता.

"त्याचीच हाये," सावळेराम म्हणाला.

सुदर्शन मटकन खाली बसला. आता तरी रडू येईल, असं सावळेरामला वाटलं. तो वाट बघत उभा राहिला. आलंच नाही.